पाठीवरचा इंग्रजीचा तास

आण्णा गेल्याचा निरोप घेऊन निपाणीचा माणूस बेळगावात माझ्या दारात आला, तेव्हा मी कोर्टात जायला कोट चढवत होतो. एक हात बाहीत, एक बाहेर... तसाच किती वेळ उभा राहिलो, कोण जाणे. आता महिना उलटला. रडून झालं, आज त्यांची गंमत सांगतो.

आण्णा म्हणजे माझे वडील, निपाणीच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर. घर तंबाखू पिकवणाऱ्यांचं, एकत्र, आणि घरात आण्णांचे वडील, आमचे आबा. थोरांच्या देखत बापानं स्वतःच्या पोराला जवळ घ्यायचं नाही, ही तेव्हाची रीत. काका मला खांद्यावर घेऊन पेठेत मिरवायचे, आण्णा काकांच्या पोरांना मांडीवर घेऊन भरवायचे. माझ्याकडे मात्र नुसतं पाहायचे, तेही आबांची पाठ वळल्यावर. मला वाटायचं, या माणसाला मी आवडतच नाही.

इंग्रजी तिसरीत, म्हणजे आताच्या सातवीत, मी त्यांच्याच वर्गात जाऊन पडलो. एके दिवशी धड्यात आलं, 'पॅट ऑन द बॅक'. आण्णा म्हणाले, "शब्दशः अर्थ, पाठीवर हलकेच थोपटणं. व्यवहारात, शाबासकी. पगार वाढवायचा नसला की साहेब कारकुनाला देतो ती!" वर्ग हसला. "पण धपाटा वेगळा, पॅट वेगळा. दाखवतो." आणि बाकाबाकाशी येऊन प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवत निघाले. माझ्यापाशी आले... हात पडला, आणि तिथंच राहिला. शेजारचा गडी पाठ पुढं करून ताटकळला!

मग काय, दुसऱ्या दिवशी मी उभा. "सर, कालचा अर्थ विसरलो." आण्णांनी पुन्हा पाठीवर हात ठेवून शिकवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा विसरलो. अख्खी कविता घडाघडा म्हणणारा मी, पण हा एवढा अर्थ काही डोक्यात टिकेना!

असाच एकदा अर्थ चालू असताना, आण्णांचा विसरलेला चष्मा घेऊन आबा वर्गाच्या दारात उभे. आण्णांनी चटका बसल्यासारखा हात काढला.

"काय चाललंय रं?"

"शिकवतोय आबा. इंग्रजी शब्दाचा अर्थ."

आबा माझ्याकडे वळले. "आलं काय रं तुला?"

माझा जीव टांगणीला! 'आलं' म्हणावं तर तो हात कायमचा गेला. 'न्हाय' म्हणावं तर आण्णांची मास्तरकी गेली.

"न्हाय, आबा."

आबांनी चष्मा टेबलावर ठेवला. "मग नीट शिकीव की पोराला. घाई कसली लागलीया? आनि घरात बी उजळणी घेत जा."

त्या संध्याकाळी घराच्या पुढच्या सोप्यात पहिली उजळणी झाली. आबा तंबाखू मळत भिंतीकडे बघत बसले होते, लई मन लावून.

यंदा दिवाळीला शेवटची भेट झाली. आण्णा सोप्यातल्या बाजेवर पडून होते. बारीक आवाजात म्हणाले, "वकीलसाहेब, पॅट ऑन द बॅक म्हणजे काय हो?"

मी बाजेच्या कडेला, त्यांच्याकडे पाठ करून बसलो. "विसरलो, सर."

ती बाज अजून तिथंच आहे. निपाणीला गेलो की तिच्या कडेला तसाच पाठमोरा बसतो जरा वेळ... अर्थ अजून आलेला नाही.