काविळीची माळ उतरली, विषाणू राहिला

डॉक्टरीणबाईंनी रक्ततपासणीचा कागद सुनेपुढे नाही, मुलापुढे ठेवला. लेकरासाठी यवतमाळच्या दवाखान्यात आमच्या खेपा चालू होत्या, त्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. प्रमोद, माझा मुलगा, तो हातात घेईना.

"हिपॅटायटिस बी आहे," त्या म्हणाल्या. म्हणजे यकृतात राहणारा विषाणू. तो वर्षानुवर्षं गप्प बसतो. माणूस फवारणी करतो, जेवतो, झोपतो, त्याला काही कळत नाही.

त्याआधी सीमेन अॅनालिसिस, म्हणजे वीर्याची तपासणी झाली होती. शुक्राणू कमी, होते तेही सुस्त. त्या तपासणीला प्रमोद एकदा राळेगावच्या बसस्टँडवरूनच परत आला होता. मग मी सोबत गेले. आई कशाला अशा ठिकाणी जाते, असं भावकी बोलली. रेखाच्या, माझ्या सुनेच्या, गर्भपिशवीत नळी घालून फोटो काढले तेव्हा कोणालाच लाज वाटली नव्हती. माझ्या नणंदेनं तर प्रमोदसाठी दुसरी मुलगी बघून ठेवली होती.

पूर्वी कावीळ झाली होती का, डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

झाली होती, लग्नाआधी. आमच्याकडे काविळीला मुळ्यांच्या तुकड्यांची माळ डोक्यावर घालतात. ती सैल होत खाली सरकते. पायातून निघाली की कावीळ गेली म्हणायचं. नणंदेनंच ती आणली होती. माळ उतरली, डोळे पांढरे झाले, रक्त कोणी तपासलं नाही.

"यानंच लेकरू होत नाही काय?" मी विचारलं.

"यानंच, असं नक्की नाही सांगता येत. पण हा विषाणू वीर्यातही असतो, शुक्राणू मंदावू शकतात. आधी सूनबाईंचं रक्त तपासू. नवऱ्याकडून बायकोला लागण होऊ शकते."

तेव्हा प्रमोद बोलला. "तिले झाला असन तं?"

रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणी धड जेवलं नाही. रेखा तूर निवडत बसायची. एकदा मान वर न करता म्हणाली, "आई, मले निघाला तं आत्याबाई म्हणतीन, हिच्यापासूनच त्याले लागला."

नणंद म्हणणारच होती. मी खोटा धीर दिला नाही.

रेखाचं रक्त स्वच्छ निघालं. तिला लस सुरू झाली, प्रमोदला रोजची गोळी.

नणंद आली ती नवी माळ घेऊनच. दुसऱ्या मुलीची गोष्टही तिनं काढली. प्रमोदनं माळ तिच्या पिशवीत परत ठेवली.

"आत्या, बिमारी माह्या अंगात हाय. पोरगी कोणासाठी पाहून राह्यली तू?"

ती चहा न घेता गेली.

लेकरू होईल की नाही, डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत. पण त्यांनी कागद ज्याचा त्याच्यापुढे ठेवला, हे त्यांचे उपकार. तुमच्या घरी सुनेला तपासायला नेत असाल, तर त्याच बसमध्ये मुलालाही बसवा. उतरून पळाला तर सोबत जा.