राजमातेचा चहा

हसायचं तर खुशाल हसा बाप्पा, पण शेवटपर्यंत ऐकून मग. माझ्या हातून असा घोळ झाला आहे की सावनेरच्या स्टँडवर मी अजूनही तोंडाला पदर लावून उतरते. आणि दोष कोणाचा? चीन देशाच्या एका म्हाताऱ्या राणीचा!

मी राहते शहरात, नंदनवन वस्तीत, नातवाकडे. प्रफुल त्याचं नाव, हिंगण्याला कारखान्यात आहे. त्याची बायको पल्लवी, सावनेरची. माझा मुलगा आणि सून तिकडे उमरेडला असतात. दुपारी मी भिंतींशी बोलत बसते, हे पाहून प्रफुलनं टीव्हीला नेट जोडलं आणि चिनी राजवाड्याची एक मालिका लावून दिली. बोलणं सगळं चिनी. खाली हिंदी अक्षरं पळत जातात. आता शाळेची पायरी मी कधी चढले, की मला अक्षरं येतील? माझ्या लेखी त्या मुंग्या.

पण गोष्ट समजायला अक्षर कशाला पाहिजे? आम्ही विणकरांची माणसं, अर्धा जन्म मागावर गेला. माणूस कोण, घरात त्याची किंमत किती, हे मी अंगावरच्या कापडावरून सांगते. भरजरी अंगरखा आणि डोक्यावर सोन्याचं अख्खं झाड, ती राजमाता. कोवळ्या रंगाचं रेशीम आणि मान खाली, ती नवी सून. दोघींचं पटत नाही, हे तर आंधळ्यालाही दिसेल. मी मिटक्या मारत बघायची. मध्येच टीव्हीतल्या सुनेला सांगायचीसुद्धा, की इतकी वाकू नको वं, कंबर धरेल.

इकडे आमच्याही राजवाड्यात बिनसलं होतं. काय झालं, उमरेडचे पाहुणे आले होते. पल्लवीनं चहा केला. आणि मी सगळ्यांसमोर बोलून बसले, की हा चहा आहे का भांडी विसळलेलं पाणी? पाहुणे हसले. पोरगी नाही हसली. दुसऱ्या दिवशी बॅग भरून माहेरी गेली. चार दिवसांसाठी म्हणून गेली, ती यायचं नाव घेईना. प्रफुलचा फोन उचलायची, पण माझं नाव निघालं की तिकडची रेंज जायची.

प्रफुल पाळीवरून यायचा, ताटाकडे बघून जेवायचा. एक दिवस घास हातातच धरून म्हणाला, "आजी, तू एक शब्द बोल ना तिले. नाई तं येत नाई थे आता."

एक शब्द! आजेसासूनं नातसुनेची माफी मागितली, असं आमच्या पिढीत कोणी पाहिलं आहे का? माझी जीभ काही केल्या वळेना. पण पोरगी खरंच आली नाही तर? म्हातारीनं चहाच्या एका घोटापायी नातवाचा संसार मोडला, अशी उमरेडभर दवंडी. शिवाय खरं सांगू का, तिच्याशिवाय घर खायला उठायचं.

आणि अशात टीव्हीनंच वाट दाखवली.

राजमातेनं हातानं खूण करून दासींना बाहेर काढलं. स्वतः चहा ओतला. दोन्ही हातांनी कप सुनेपुढे धरला. सून रडली, वाकली, सगळा चहा प्याली आणि निवांत आडवी झाली. पडद्याआड राजमातेच्याही डोळ्यांना पाणी! पाहा बरं, कोणी माफी मागितली नाही, कोणाचा मान गेला नाही. चहा दिला की मिटलं.

पुढच्या भागात तर कमालच. सगळा राजवाडा कोऱ्या, पांढऱ्या, जाड्याभरड्या कापडात. रंग नाही, जर नाही, विणताना सुताला लावलेली खळसुद्धा धुऊन काढलेली नाही. मला लगेच उमगलं. माझी आई मागावरून उतरलेलं पहिलं कोरं कापड घरच्या बाळंतिणीसाठी राखून ठेवायची. आमच्याकडे कोरं कापड निघालं म्हणजे पाळणा हलला! त्यात जिकडे तिकडे धुरी चाललेली, आणि सून कुठं दिसेना. म्हणजे माहेरी गेली बाळंतपणाला. बाकीचे रडत होते, तर पोटुशी पोर घरातून निघाली की रडतातच ना माणसं?

मग मी वेळ काढला नाही. आलं आणि गवती चहा घालून घट्ट चहा उकळला. प्रफुलचा थर्मास खंगाळून त्यात भरला. पेटीतलं रेशीमकाठी लुगडं काढून नेसले, कारण राजमाता काही रोजच्या पातळात गेली नव्हती. आणि बसले सावनेरच्या बसमध्ये.

पल्लवीची आई कुंदाताई दारातच होत्या. माझं लुगडं पाहून आधी त्यांना वाटलं कोणाचं लग्न राहिलं की काय. "या ना जी आजी, बसा," म्हणाल्या. पल्लवी आली, पाया पडली, आणि दूर जाऊन उभी राहिली. तिची धाकटी बहीण चिंगी पाणी घेऊन आली.

मी पाणी बाजूला ठेवलं. कुंदाताईंना आणि चिंगीला हातानं खूण केली, बाहेर व्हा. त्या बाहेर गेल्या नाहीत, भिंतीला लागून उभ्या राहिल्या. मी थर्मास उघडला, कप भरला आणि दोन्ही हातांनी पल्लवीपुढे धरला.

"हे काय आजी?"

"चहा. थे चिनी मालिकेतली म्हातारी राणी आपल्या सुनेले देते ना, तसा देऊन राहिली मी तुले. पिऊन टाक अन् निवांत झोप. तिचं जसं झालं, तसंच तुझं होऊ दे."

पोरगी पांढरीफटक पडली. मला वाटलं, गहिवरली.

तेवढ्यात चिंगीनं पायातला पैंजण काढला आणि सरळ माझ्या कपात सोडला. मी आणखी खूश! म्हटलं, काय वळण आहे घराला. सासरचं माणूस चहा घेऊन आलं तर चांदी घालून मान करतात. तिघी कपावर वाकल्या, म्हणून मीही वाकले. चिंगीनं पैंजण बाहेर काढला. काळाकुट्ट.

"काळा पडला वं आई," चिंगी किंचाळली.

"थो आधीच काळा होता. दिवाळीपासून घासला नाई तू," पल्लवी म्हणाली. पण कप काही तिनं हातात घेतला नाही.

आता माझी पाळी होती विचारायची, की काहून, झालं काय? तर चिंगीनं सांगितलं. हे घर तीच मालिका हिंदीतून बघत होतं. त्या चहात जहर होतं. सुनेला झोप लागली नव्हती, ती मेली होती. पांढरे कपडे सुतकाचे. आणि ज्या राजवाड्यात जहराचा संशय येतो, तिथं चांदी बुडवून बघतात, काळी पडली की समजायचं.

"मेली?" मी म्हटलं. "अन् मंग बाळंतपण?"

"कोणाचं बाळंतपण आजी?"

काय सांगणार, कपाळ! माझ्या तोंडून आता कोण काय ऐकणार होतं? तो कप मीच तोंडाला लावला आणि सगळ्यांदेखत मोठा घोट घेतला.

आता ऐका. त्या थर्मासमधून प्रफुल पाळीवर झणझणीत सावजी रस्सा नेतो. मी खंगाळला होता हो, पण झाकणातलं रबर काढून कोण धुतं? बसमध्ये दूध, गवती चहा आणि रस्सा हिंदकळून एकजीव झाले होते. माझ्या घशात जाळ उठला. डोळ्यांतून पाणी, तोंड वाकडं, मी छाती धरून भिंतीला टेकले.

"गाडी बोलवा कोणी तरी," कुंदाताई ओरडल्या, "आजीनं सोताच घेतलं वं!"

पल्लवी धावली. माझी पाठ चोळली. मग कप हातात घेतला, वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं. आणि आईकडे वळून अगदी शांतपणे म्हणाली, "आई, भिऊ नको. जहर नाई हे. आजीचा चहा हाय."

आधी चिंगी हसली. मग कुंदाताई पदरात तोंड घालून. पल्लवी तर खालीच बसली. त्या हसण्यात माझी जीभ कशी सुटली कोण जाणे. "पोरी," मी म्हटलं, "तुझा चहा चांगला होता वं. चुकलं माझं."

संध्याकाळच्या बसनं ती माझ्यासोबत आली. थर्मास तिनं स्वतःकडे ठेवला, माझ्या हाती दिला नाही.

आता दुपारी पल्लवी शेजारी बसून खालच्या मुंग्या वाचून दाखवते. माझ्या हिशेबानं सुखानं माहेरी गेलेल्या सगळ्या राण्या मेलेल्या निघाल्या. चहा तीच करते. कधी मी म्हटलं, की बस पोरी, आज मी टाकते चहा, तर प्रफुल आतल्या खोलीतून विचारतो, "पल्लवी, पैंजण आणू का?"