कुलपाचा नळ

उत्तरेतल्या एका घाटांच्या शहरात, मराठी कुटुंबांच्या दूधविनायक गल्लीत वाढलेली सुरुची विद्यापीठात भूगोल शिकत होती. शहरातलं पाणी कुणाला किती मिळतं, हा तिच्या प्रबंधाचा विषय. महिनाभर वस्त्या पालथ्या घातल्यावर एका सकाळी तिने आपलीच गल्ली झाडणाऱ्या फूलमतीला विचारलं, "चाची, आप पानी कहाँ पीती हैं?"

"मुन्शी घाटवाले हैंडपंप पर. यहाँ कौन नल छूने देता है, बिटिया?"

 सुरुचीच्या घरासमोरच्या सरकारी नळाला तिच्या बाबांनीच कुलूप लावलं होतं. पाणी वाया जाऊ नये म्हणून, असं ते सांगायचे आणि तिला ते पटायचं.

तिने ते कुलूप प्रबंधात लिहिलं आणि ते पान बाबांना वाचून दाखवलं. प्रल्हादराव संस्कृतचे निवृत्त शिक्षक.

"आपल्या घराचं कशाला लिहिलंस?" ते चिडले.

"दुसऱ्याच्या घराचं लिहिलं असतं तर चाललं असतं का, बाबा?"

दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुलूप काढलं. फूलमती मात्र झाडत झाडत नळावरून पुढे निघून गेली. ते स्वतः खाली उतरले. "पानी पी लो, फूलमती."

"आदत नहीं है, पंडितजी," ती म्हणाली.

ती नळावर आली, त्याला अकरा दिवस लागले. सुरुचीने तेही प्रबंधात लिहिलं.