दमट सकाळचे आकडे

वीज गेली की मॅडम नवी काच धुवायला घ्यायच्या. चिडणं नाही, उसासा नाही. भोकरदनच्या आमच्या कॉलेजात त्या अकरा वर्षं तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होत्या. तास संपले की ओव्हनपाशी. आत बाटलीत झिंक नायट्रेट आणि हेक्झामिनचं द्रावण, त्यात पालथी ठेवलेली काचपट्टी. नव्वद अंशांवर पाच-सहा तास राहिली, की काचेवर झिंक ऑक्साइडच्या कांड्या उगवायच्या, केसाहून शेकडो पट बारीक. डोळ्यांना दिसायचा फक्त दुधी थर. मध्येच वीज गेली तर द्रावण निवायचं आणि दिवस वाया जायचा.

"बी नीट पडलं न्हाई, तर वर काय उगवणार?" हे त्यांचं नेहमीचं. कांड्यांआधी काचेवर झिंक ऑक्साइडचा बारीक थर द्यावा लागतो, त्यालाही बीच म्हणतात. मी तेव्हा एमएस्सीला होते, प्रकल्पासाठी त्यांच्या हाताखाली. तो थर त्यांनी माझ्याकडून सात वेळा करून घेतला.

या कांड्यांचे उपयोग पुस्तकात होतेच: जंतू मारणारं कापड, रंगाचं सांडपाणी उन्हात स्वच्छ करणं, आणखी कायकाय. मॅडमना एकच उपयोग हवा होता. त्यांची आई वाटूरजवळ कोंबड्यांच्या शेडवर कामाला होती. थंडीत पडदे सोडले की आत अमोनिया कोंडतो; त्यात आईचे डोळे निम्मे अधू झाले होते. अमोनिया लागला की या कांड्यांतून वाहणारी वीज बदलते; त्यावरून हवा बिघडताच सांगेल, मालकाला पडदे उघडायला लावील, असा सेन्सर मॅडमना करायचा होता.

प्रयोगशाळेत तो छान चालला. मग आम्ही तो शेडवर नेला. दुपारी आकडे बरोबर, सकाळच्या दमट हवेत भलतेच. आठ दिवस तेच. आई म्हणाली, "तुझ्या काचेपरीस माझं नाक बराबर हाय." मॅडम हसल्या, पण परतीच्या बसमध्ये वही उघडून सकाळचे आकडे पुन्हा पुन्हा बघत होत्या.

त्याच वर्षी कॉलेजात कायम जागा निघाली. मुलाखतीआधी शोधनिबंध छापून यायला हवा होता. मी म्हटलं, दमट सकाळचे आकडे गाळून टाकू, कोण विचारतंय. विभागप्रमुखांनीही तेच सुचवलं. मॅडमनी वही मिटली.

"उद्या कुणी हे वाचून शेडात लावलं, अन् त्याच्या भरवशावर एखादी बाई आत राबत राह्यली, मंग?"

निबंध सगळ्या आकड्यांसकट गेला आणि परत आला. जागा दुसऱ्या सरांना मिळाली. मला फार राग आला. जगाचा आला की मॅडमचा, ते मला अजून सांगता येत नाही.

कायम माणूस आला तशा मॅडमच्या तासिका बंद झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी त्या नव्या सरांना तासभर ओव्हन समजावून दिला. काटा पाच अंश जास्त दाखवतो, मागच्या कोपऱ्यात बाटली ठेवू नका, दार हळू लावा. सर मान खाली घालून लिहून घेत होते.

मग आम्ही दोघी स्टँडवर आलो. बाकावर टेकल्यावर त्या म्हणाल्या, "लई दिवसांपासून थकून राह्यले गं." आणि माझ्या खांद्याला डोकं लावून झोपल्या. त्यांची जालन्याची बस लागली, भरली, निघून गेली. मी त्यांना उठवलं नाही.