खोक्यांची गाडी

दुसऱ्याचा पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवायचा हक्क कुणाला असतो? पॅकिंग टेपचा वास आला की सौदीतल्या जुबैलचं आमचं घर आठवतं. बाबांच्या नोकरीत त्यांच्या जागी स्थानिक माणूस आला होता. आमचं सामान बांधून तयार होतं, पण मालकाने, म्हणजे कफीलने, पासपोर्ट त्याच्या कपाटात अडकवून ठेवले होते, त्यामुळे निघता येत नव्हतं. घोडागाडीतून अमेरिकेत वस्ती करायला निघालेल्या कुटुंबाची साहसकथा वाचून मी खोक्यांची गाडी केली. "बाबा, बसा, नव्या देशात जाऊ!" बाबा खरंच बसले. "तुझ्या गोष्टीतल्या लोकांना तिथे राहायचा परवाना, इकामा, कुणी दिला गं?" "किसी को पूछा ही नहीं, बाबा!" ते खूप हसले. आई ओरडली, "अहो, उतरा, खोकं दबतंय!" बाबा उतरलेच नाहीत. तुमच्या कपाटात कामावरच्या कुणाची कागदपत्रं असतील, तर आजच परत करा.