बाईंची डॉक्टरीण

"खोटं बोलून राहिली वं तू. घे पुन्हा."

आमच्या टीव्ही केंद्राच्या स्टुडिओत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही. नटी कितीही नावाजलेली असो, ग्लिसरीन न लावता तिनं डोळ्यांत पाणी आणलेलं असो, बाईंच्या कानाला पटलं नाही की प्रसंग पुन्हा. चिडायच्या नाहीत. शेजारणीला चहाला बोलवावं अशा सुरात सांगायच्या. पुरुष नट असला तर 'वं'च्या जागी 'गा' यायचा, एवढाच फरक.

कार्यक्रम संपल्यावर पडद्यावर सरकत जाणारी नावं तुम्ही कधी वाचता का? नसालच वाचत. पण नागपुरात राहून तुम्ही टीव्ही पाहिला असेल, तर कापसावरच्या अळीपासून बालनाट्यापर्यंत बाईंनी केलेलं काही ना काही तुमच्या नजरेखालून नक्की गेलेलं आहे. केंद्रातल्या बाकी सगळ्या अधिकारी स्त्रिया 'मॅडम' होत्या. या एकट्या 'बाई'. तसं त्यांनीच बजावून ठेवलं होतं.

बाई निर्मात्या, मी त्यांचा सहायक. संहिता टाइप करायची, नटांना फोन करायचे, कोणाचा गजरा आणि कोणाचा चष्मा हरवला ते शोधायचं, ही माझी कामं. आमचं घर प्रताप नगरात आणि वडील शुद्धलेखनाचे कट्टर. आमच्याकडे आलेल्या लग्नपत्रिकासुद्धा लाल पेनानं तपासल्या जात आणि मग फ्रिजवर लावल्या जात. हा आजार माझ्यात पुरता उतरला होता.

बाई नागपूरच्या वेशीवरच्या वाडीच्या. वडील ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाली करायचे, राहायला भाड्याची एक खोली, दाराबाहेर ट्रकांची रांग. "हॉर्नच्या वरतून बोलता बोलता नटी झाली मी," असं त्या सांगायच्या. उमेदीची सगळी वर्षं हौशी रंगभूमीवर काढली. भूमिका कोणत्या, तर मोलकरीण, भांडकुदळ शेजारीण, नाहीतर नायिकेच्या माहेरून आलेली अडाणी मावशी. तोंडात 'मले' आणि 'तुले' होतं ना! ते ऐकलं की लोक हसायचे, आणि दिग्दर्शकांना तेवढंच हवं असायचं.

एकदा मात्र स्पर्धेच्या नाटकात त्यांना नायिकेचं काम मिळालं. दोन-तीन महिने बाई आरशासमोर उभ्या राहून 'मला, तुला, त्याला' घोकत होत्या. अभिनयाचं बक्षीसही मिळालं. प्रयोग पाहायला वाडीहून त्यांची आई आली होती. पडदा पडल्यावर ती आत आली आणि म्हणाली, "नाटक चांगलं झालं वं पोरी. पण तू त्यात कोणती होती?"

बाई हा किस्सा सगळ्यांना हसत हसत सांगायच्या. मला सांगितला तेव्हा मीही खो खो हसलो. हसून झाल्यावर पाहिलं, तर त्या कधीच हसायच्या थांबल्या होत्या.

निवृत्तीला काही महिने उरले असताना त्यांनी शेवटची टेलिफिल्म लिहायला घेतली. गोष्ट साधी होती. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलातली तरुण डॉक्टरीण, हाताखाली एक आयाबाई. ऑपरेशननंतर एक माणूस वाचत नाही आणि ते त्याच्या बायकोला सांगायला ती बाहेर येते. बाईंनी हातानं लिहिलेले कागद माझ्याकडे टाइप करायला आले. पाहतो तर डॉक्टरीण म्हणते, "काकू, मले माफ करा." घाईत लिहिलं असेल, असं मला वाटलं. मोठ्या निष्ठेनं मी तिच्या तोंडचं प्रत्येक 'मले' सुधारून 'मला' केलं, 'काहून'चं 'का' केलं आणि व्यवस्थित टाचणी लावून प्रत बाईंच्या टेबलावर ठेवली.

बाईंनी ती सावकाश वाचली.

"बरीच मेहनत घेतली गा तू."

"आपलं कामच आहे बाई."

"आयाबाईचं 'मले' तसंच ठेवलं. डॉक्टरणीचं तेवढं धुऊन काढलं. काहून?"

आयाबाईला शोभतं, डॉक्टरणीला शोभत नाही, हे मला कोणी कधी शिकवलं नव्हतं. तरी ते मला पक्कं ठाऊक होतं. कान लाल झाले माझे.

"जा," बाई म्हणाल्या, "आता पुन्हा मळव बरं सारी."

मी पुन्हा मळवली. चित्रीकरण झालं. डॉक्टरणीचं काम करणारी मुलगी चांगली होती, पण 'मले' म्हणताना लाजायची. तिला बाईंनी एका दुपारी किती वेळा "घे पुन्हा" म्हटलं, ते तिलाच विचारा.

मग केंद्रप्रमुखांनी टेलिफिल्म पाहिली. माणूस वाईट नव्हता, पुण्याकडचा होता. म्हणाले, "बाई, छान झालंय. फक्त डॉक्टरचे संवाद डब करून घ्या. इतकी शिकलेली मुलगी 'मले' कशी म्हणेल? लोक हसतील."

"तिनं एमबीबीएस केलं साहेब," बाई म्हणाल्या, "माय नाही बदलली."

साहेब म्हणाले, शुद्ध केल्याशिवाय प्रसारण नाही. बाई म्हणाल्या, शुद्ध केलं तर माझं नाव काढा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाटकांत मोलकरणी केलेल्या बाईची ही एकच स्वतःची नायिका, आणि तिचा आवाज कापला जाणार होता. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. डबा तसाच घरी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. "तुमची मराठी उत्तम आहे. संवाद तपासून शुद्ध केल्याचा शेरा फाइलवर मारा. बाईंना मी समजावतो."

मी फाइल जागेवर नेली. एका वाक्याला मला अर्धा तास लागला. लिहिलं, 'संवाद तपासले. शुद्ध आहेत.' खाली सही केली, तारीख घातली. आयुष्यात मी शौर्य म्हणावं असं एवढंच केलं आहे, म्हणून लाज न बाळगता सांगतो.

साहेबांनी शेरा वाचला, माझ्याकडे पाहिलं. "उद्या वरून विचारलं, तर सही तुमची आहे."

"हो साहेब."

टेलिफिल्म एका रविवारी जशीच्या तशी लागली. वरून कोणी विचारलं नाही. बाईंना शेऱ्याचं कळलं, तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, "ऱ्हस्व-दीर्घ तपासलं ना गा नीट?" आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी माझ्या डब्यात ठेवली.

बाई आता नाहीत. शेवटचे काही दिवस त्या धंतोलीतच एका हॉस्पिटलात होत्या. एका दुपारी मी खाटेजवळ बसलो असताना त्यांच्या डॉक्टर आल्या. अगदी तरुण मुलगी, गळ्यात स्टेथोस्कोप. रिपोर्ट पाहिले आणि इंग्रजीत नर्सला काही सांगितलं. मग स्टूल ओढून बाईंच्या उशाशी बसली.

"आजी, तुमच्यापासून लपवून नाही ठेवत मी. औषध आता काम नाही करून राहिलं. पण तुमाले दुखू नाही देणार, हे नक्की."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "कोण्या गावची वं तू?"

"आर्वीची."

"टीव्ही पाहते का?"

"नाही आजी. टाइमच नाही भेटत."

ती बाईंचा हात थोपटून पुढच्या खाटेकडे गेली. मला समोरचं धड दिसत नव्हतं. बाईंनी बोटानं खूण करून मला जवळ बोलावलं. चेहरा असा फुलला होता की ही बातमी त्यांच्याबद्दलची होती हे कोणाला पटलं नसतं.

"ऐकलं ना गा?" बाई म्हणाल्या. "आन हिले मी काही शिकवलं नाही."