विनीला न विचारता

ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागातल्या आमच्या आदिवासी वस्तीत विनी म्हणजे सगळ्यांची आजी. तरुणपणी तिने नदीकाठी झाडांच्या सावलीत कितीतरी पोरं या जगात आणली. मग सरकारचा हुकूम सुटला, आणि बाईचे दिवस भरत आले की तिला विमानात घालून शहरात धाडायची रीत पडली. बाई एकटी जायची, बाळ घेऊन एकटीच परतायची.

पुढे इथला सरकारी दवाखाना वस्तीच्या हाती आला तेव्हा विनीने हट्टच धरला, पोरं इथेच जन्मतील. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलने सुईणी द्यायच्या, कारभार वस्तीने पाहायचा, आणि वस्तीतल्या जाणत्या आज्यांना विचारल्याशिवाय कुठल्याच बाईला बाहेर न्यायचं नाही, अशी भागीदारी ठरली. दवाखान्याच्या समितीची अध्यक्ष झाली लोरेटा, विनीच्या बहिणीची मुलगी. आमच्यात बहिणीची मुलगी ती आपलीच. लोरेटा विनीला आईच म्हणायची, तिच्याच हातचं खाऊन वाढलेली.

बायका आधी बिचकत होत्या. विनी दारोदार फिरली. "चला गं, घाबरता कशाला? आता घर आपलं, दार आपलं!" तिच्या शब्दावर बायका आल्या.

एका सकाळी धावपट्टीवर विमान उतरलं. कुणी म्हातारं आजारी असेल, असं विनीला वाटलं. जाऊन बघते तर दिवस भरत आलेली तिची नात टॅनी शिडी चढत होती.

"आजी, मला नाही जायचं गं!"

सुईण खाली मान घालून म्हणाली, "हॉस्पिटलकडे माणसं पुरत नाहीत. इथली बाळंतपणं बंद करायचं ठरलंय. लोरेटाने होकार दिला. तुम्हाला सांगितलं नाही तिने?"

विमानात विनीला जागा नव्हती. ते उडालं. लोरेटा गाडीपाशी उभी होती.

"तू मला विचारलं नाहीस," विनी म्हणाली.

"आई, विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

"मग विचारायचं असतं ते कशाला?"

"नाही म्हटलं असतं तर त्यांनी डॉक्टरही काढून घेतला असता. काय करणार होते मी?"

"घरी येऊन सांगायचं होतंस. सगळ्या मिळून भांडलो असतो."

लोरेटा गाडीत बसून निघून गेली.

टॅनीला मुलगी झाली, परक्या माणसांत. ती परतल्यावर आज्यांनी ओला पाला पेटवून, बाळाला बळ यावं म्हणून आमच्या रीतीप्रमाणे धुरावर धरलं, पण जन्मल्या जन्मल्या ते व्हायला हवं होतं. त्याहून विनीला झोंबलं ते बायकांचं बोलणं. "तूच म्हणाली होतीस ना, दार आपलं?"

पुढे हॉस्पिटलचे साहेब सभेला आले, तेव्हा विनी उठली. "सुईणी परत आणा, नाहीतर भागीदारी हा शब्द इथे उच्चारू नका," एवढं बोलून निघाली. तिच्यामागून एकेक करत सगळ्या बायका उठल्या. सुईणी परत येईपर्यंत त्यांनी दवाखान्यात पाऊल टाकलं नाही. आता पोरं पुन्हा वस्तीतच जन्मतात.

लोरेटा अजूनही कधीमधी नदीतला मासा घेऊन येते. विनी मासा घेते, निखाऱ्यावर भाजते, अर्धा तिच्यापुढे ठेवते. दोघी जेवतात. बोलत मात्र नाहीत.